‘सेट’ची अकरा आवर्तनं

मला नोकरी लागावी म्हणून आमच्या वडिलांनी इंग्रजीतल्या एका शब्दाची अकरा आवर्तनं करण्याचा संकल्प सोडला होता.

संकल्प त्यांनी सोडला, आवर्तनं मला करायची होती. (आमच्या घरात कामाची वाटणी नेहमी अशीच असे.) वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ठाण्यात तळ्यामागच्या आळीत आमचं घर, आणि नाना त्या आळीचे भटजी. पाठांतराचे असे पक्के की झोपेतून उठवून एखादं स्तोत्र विचारा, पहिल्यापासून शेवटपर्यंत धडाधड म्हणत. मात्र पहिल्यापासून. मधलाच एखादा चरण विचारला तर नाना डोळे मिटत, मनातल्या मनात आरंभ करत, ओठ हलत राहत, आणि गाडी त्या चरणापाशी आली की आवाज फुटे. वाटेत कोणी शिंकलं, कोणी ‘नाना, दूध उतू गेलं’ म्हणालं, की पाठ तुटला, पुन्हा पहिल्यापासून. दूध तोवर चुलीत.

“तुटलेला पाठ आणि फुटका तांब्या, दोन्ही देवापुढे नेऊ नयेत,” असं ते म्हणत. पाठ चालू असताना जागचं उठायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. ही आमच्या घराण्याची रीत, आणि हीच एक गोष्ट मी वडिलांकडून नीट उचलली.

मी तेव्हा वीस वर्षांचा. इंग्रजी चार इयत्ता झालेल्या, त्यांतली शेवटची दोनदा. लग्न झालेलं. नोकरी नाही. आणि भिक्षुकी म्हणाल तर तीही माझ्याने होईना. एकदा नानांना ताप आला म्हणून एका यजमानाकडे मला पूजेला पाठवलं. तिथे त्यांचं मांजर सारखं दारात येई, यजमानीण ‘शुक शुक’ करी, आणि माझा पाठ तुटे. सकाळी नऊला बसवलेले यजमान दिवेलागणीला उठले, तेही दोघांनी धरून उठवले म्हणून. त्या दिवसापासून आळीत कोणी मला पळी-पंचपात्र घेऊन येताना पाहिलं की दार लावून घेई.

अशात खबर आली की कल्याणला साहेबाच्या कचेरीत कारकुनाची एक जागा भरायची आहे. साहेब सोमवारी सकाळी अकरा वाजता आपल्या तंबूत उमेदवारांची इंग्रजी परीक्षा घेणार. उमेदवार चार. तीन हुशार आणि चौथा मी.

“ही गेली तर?” आईने रात्री जेवताना विचारलं.

“तर काय,” नाना म्हणाले, “मी आहे तोवर खाईल. मग मांजर नसलेले यजमान शोधील.”

हे ते हसत म्हणाले, पण त्यांचा घास हातातच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी नाना मला घेऊन आमच्या मास्तरांकडे गेले. मास्तरांकडे इंग्रजीचा एक जाडजूड कोश होता. दिवसा ते त्यात शब्द पाहत आणि दुपारी तोच उशाला घेत.

“मास्तर, या ग्रंथात सगळ्यांत समर्थ शब्द कोणता?” नानांनी विचारलं.

मास्तरांनी पुष्कळ पानं उलटली. “समर्थ म्हणजे कसं सांगू? पण अर्थ सगळ्यांत जास्त या एवढ्याशा शब्दाला आहेत बघा. सेट. तीन अक्षरं. मी मोजले, बावन्न अर्थ भरतात.”

“एका शब्दाला बावन्न?”

“बावन्न.”

“मग बाकीचे शब्द ठेवलेत कशाला?”

“लागतात, नाना.”

“लागोत बापडे.” नानांचे डोळे लकाकत होते. “देवाची नावं हजार, देव एक. इथे नाव एक आणि अर्थ बावन्न. म्हणजे हा काही साधा शब्द नव्हे. बाळ्या, मेरू चढला की टेकड्या आपोआप पायाखाली येतात. तू हाच धर.”

मास्तर म्हणाले, “नाना, परीक्षेला आठ दिवस आहेत. रोज वीस-पंचवीस साधे शब्द केले तर...”

“टेकड्या,” नाना म्हणाले, आणि उठले.

मास्तरांनी बावन्न अर्थ मराठीत लिहून दिले. नानांनी एका रात्रीत त्यांचं स्तोत्र केलं:

*ठेवणे, मांडणे, लावणे, रोवणे,*
*मावळतो सूर्य तेही सेट;*
*गोठणे, विरजणे, सांधणे, जोडणे,*
*पाजळणे धार तेही सेट.*

असं बावन्नापर्यंत. शेवटी फलश्रुती: ‘जो हे नित्य पठण करी, त्यास साहेब हाती धरी.’ फलश्रुतीवाचून स्तोत्र म्हणजे मिठावाचून आमटी, असं नानांचं मत होतं. शिवाय प्रत्येक अर्थाला संपुट, म्हणजे अर्थाच्या अलीकडे एकदा सेट आणि पलीकडे एकदा सेट. सेट, ठेवणे, सेट. सेट, मांडणे, सेट. एका आवर्तनाला वीस मिनिटं लागत.

एकतिसाव्या अर्थाला जरा घोटाळा झाला. तो अर्थ होता, कोंबडीला अंड्यांवर बसवणे.

“हे देवघरात म्हणायचं?” आई म्हणाली.

नाना विचारात पडले. अर्थ गाळावा तर स्तोत्र खंडित होतं, म्हणावा तर सोवळ्यात कोंबडी येते. अखेर त्यांनी शास्त्रातून वाट काढली. एकतिसावा अर्थ हळू आवाजात म्हणायचा आणि लगेच उजव्या कानाला हात लावायचा, म्हणजे आचमन केल्याचं फळ मिळतं. मी तसं करू लागलो. आठ दिवसांत हात इतका सरावला की जिभेवर कोंबडी आली की तो आपसूक कानाकडे जाई.

घरभर तो शब्द झाला. आई दही लावताना ‘सातवा’ म्हणे. आळीतल्या म्हातारीचा हात निखळला आणि वैद्याने तो बसवला, तेव्हा नाना तिच्या उशाशी बसून ‘आठवा’ म्हणाले. (म्हातारीला वाटलं देवाला आठवायला सांगताहेत. तिने हात जोडायला म्हणून तो नुकता बसवलेला हात उचलला. वैद्याला पुन्हा बोलवावं लागलं.) आणि मागच्या पडवीत आमचं कुटुंब रवीने ताक घुसळत असे, ते माझ्या स्तोत्राच्या ठेक्यावर. बाहेर माझं ‘मावळतो सूर्य’ चाललं की आत रवी घुर्रघुर्र त्याच तालात. मी थांबलो की रवी थांबे. तिच्या लोण्याची मात्र आळीत वाहवा झाली.

सोमवार आला. मी म्हटलं, “नाना, सकाळच्या रेल्वेने निघू.”

“रेल्वे कल्याणला किती वेळात नेते?”

“तासाभरात.”

“तासाभरात किती आवर्तनं होतील?”

“तीन.”

“मग उरलेली आठ काय साहेबाच्या दारात उभा राहून करणार? संकल्प अकराचा आहे. परीक्षेआधी पुरा झाला पाहिजे. होडीने जाऊ.”

तर पहाटेची भरती धरून आम्ही ठाण्याच्या बंदरावरून होडीने निघालो. मी, रेशमी मुकटा नेसून सोवळ्यात नाना, आणि दहीभाताचं पातेलं मांडीवर घेऊन आई. होडी चांगो नाखव्याची. चांगो म्हणजे खाडीच्या पोटात वाढलेला माणूस. तो म्हणाला, “भरतीच्या पान्यावर बसलो की धा वाजायच्या आत कल्यान. निस्ते गप बसा, भटजी.”

आम्ही गप बसणारे नव्हतोच. मी आसन घातलं, नानांनी माझ्या हातावर पाणी सोडलं, आणि ‘सेट, ठेवणे, सेट’ सुरू झालं.

पहिली चार आवर्तनं सुरेख झाली. उजाडलं, वारा गार, होडी झरझर चाललेली, आणि मला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. पाचव्याच्या विसाव्या अर्थावर आई म्हणाली, “बाळ, दोन घास दहीभात खातोस का?”

मी म्हटलं, “नको.”

नानांनी डोळे उघडले. “तुटला.”

पाचवं आवर्तन पहिल्यापासून. आईला फार वाईट वाटलं. इतकं, की थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, “माझ्यामुळे तुटलं का रे?” आणि मी म्हटलं, “नाही गं.”

पुन्हा पहिल्यापासून.

मुंब्र्याच्या डोंगराखाली आलो तेव्हा सहाच आवर्तनं झाली होती. नानांनी आधी सूर्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि मग जगात कोणी नाखव्याला सांगितलं नसेल ते चांगोला सांगितलं. “चांगो, होडी जरा हळू घे. आमची पाच व्हायचीत.”

चांगोने वल्हं वर उचललं. “भटजी, होरी मी हलू घेन. भरतीला कोन सांगनार?”

“तू तुझं बघ. भरतीचं मी बघतो.”

चांगोने होडी हळू घेतली. तेवढ्यात खाडीच्या काठाने कल्याणची गाडी भकभक करत आली. खिडकीत तिघे उमेदवार बसलेले, डोक्यावर पांढरीशुभ्र पागोटी. त्यांतला एक आमच्याच आळीतला. त्याने हात हलवून ओरडून विचारलं, “काय बाळकृष्णपंत, मासे धरायला?”

मी मान फिरवून गप्प राहायला हवं होतं. पण मी वीस वर्षांचा होतो. मी ओरडलो, “परीक्षेला!”

“तुटला,” नाना म्हणाले.

दहावं आवर्तन संपलं तेव्हा आम्ही डोंबिवलीच्या समोर होतो आणि पाणी थबकलं होतं. मग ते हळूहळू मागे सरू लागलं. भरती कोणासाठी थांबत नाही हे मला शाळेत शिकवलं होतं. नानांना कोणी शिकवलं नव्हतं. अकराव्या आवर्तनाच्या अडतिसाव्या अर्थावर होडीच्या बुडाखाली काहीतरी खरखरलं.

“होरी टेकली,” चांगो म्हणाला. “पोरा, उतर. दोघांनी ढकलू. आता ढकलली तं निंगल. पानी पुरतं गेलं का मंग सांच्यापरेंत हितंच.”

मी उठणार, तोच नानांची भुवई वर गेली. आमच्या घरात ती भुवई वर गेली की म्हशीसुद्धा दूध देत. मी बसल्या जागी आवाज चढवला आणि वेग वाढवला. सेट, एकोणचाळिसावा, सेट.

“आरं उतर ना.”

सेट, चाळिसावा, सेट.

“आई, तुमच्या पोराला काय झालंय?” चांगोने कळवळून विचारलं.

“शेवटचं चाललंय,” आई म्हणाली. “तेवढं झालं की उतरेल.”

चांगोने एकट्याने उतरून खांदा लावला. मी बारा अर्थ आणि फलश्रुती एका दमात संपवली. ‘त्यास साहेब हाती धरी’ म्हणून मी उडी मारली तेव्हा होडीभोवती पाणी नव्हतं. चहूकडे काळाभोर, लुसलुशीत, पसरलेला चिखल होता, आणि मी त्यात गुडघ्यापर्यंत गेलो.

“संकल्प पुरा झाला,” नाना समाधानाने म्हणाले. “आता चल.”

ते मुकटा सावरून उतरले आणि कमरेपर्यंत गेले. चांगो हात द्यायला आला तेव्हा सोवळ्यातले नाना म्हणाले, “शिवू नकोस.” आणखी एक पाऊल टाकलं आणि छातीपर्यंत गेले. मग त्यांनी दोन्ही हातांनी चांगोच्या गळ्याला मिठी मारली. चांगोने त्यांना उचलून खांद्यावर घेतलं. वरून नाना मला म्हणाले, “आपद्धर्म. शास्त्रात आहे.”

आई होडीतच राहिली. “मी इथे बरी आहे. पाणी आलं की येते,” म्हणून तिने पातेल्यावरचं झाकण काढलं. त्या दिवशी आमच्यापैकी वेळेवर जेवलेली ती एकटीच.

काठाने खारशेतांचा मातीचा बांध होता, समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला. चांगो म्हणाला, “या बांदाने सरल जा. पन पुडं खांड हाय, मागल्या उदानाला बांद फुटला. तितं जपून.”

मी धावत सुटलो. नानांना काठावर ठेवून चांगो त्यांची समजूत घालत होता. अकराला साहेब बसणार, आणि सूर्य केव्हाच वर आलेला. बांधावरून धावता धावता मला एकदम रडू आलं. आठ दिवस घरातलं प्रत्येक माणूस माझ्यासाठी झिजलं होतं, आळीतली म्हातारीसुद्धा हाताने झिजली होती, आणि मी चिखलात. डोळे पुसायला हात वर केला, तर हात चिखलाचा. काही दिसेना. आणि ती जपायची खांड मला नेमकी तेव्हाच लागली. छातीपर्यंत आत गेलो. पलीकडे निघालो तो कसा निघालो ते मला आजही सांगता येत नाही.

कल्याणच्या तंबूशी पोचलो तेव्हा तिघे उमेदवार परीक्षा देऊन बाहेर आमराईत उभे होते. आळीतल्याने मला पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. (पाचवा.) उन्हात चालून चालून माझ्या अंगावरचा चिखल घट्ट झाला होता. (सहावा. साहेबाने प्रात्यक्षिक मागितलं असतं तर तयार होतं.)

साहेब तरुण होता, नाकावर ऊन लागून सोललेला. बाजूला त्याला मराठी शिकवणारे मुनशी उभे. साहेबाने माझ्यापुढे एक इंग्रजी पत्र सरकवलं आणि वाचण्याची खूण केली.

मी पत्र वरून खाली पाहिलं. मग खालून वर पाहिलं. पानभर मजकूर होता, आणि त्यात सेट नव्हता. मी कागद उलटून मागे आहे का पाहिलं. मागे कोरं.

“यू नो इंग्लिश?” साहेबाने विचारलं.

खोटं कसं बोलणार? “वन वर्ड, सर.”

“विच?”

झालं. ‘सेट, ठेवणे, सेट’ सुरू झालं. चौथ्या अर्थावर साहेब म्हणाला, “इनफ.” हा शब्द मला येत नव्हता. पण पाठ तुटला एवढं कळलं. मी पहिल्यापासून सुरुवात केली. सोळाव्यावर मुनशी म्हणाले, “अहो, पुरे.” पुन्हा पहिल्यापासून. तंबूच्या दारात तिघे उमेदवार गोळा झाले. मुनशी माझ्या दंडाला धरायला आले, पण धरावं कुठे ते त्यांना चिखलामुळे सुचेना. शेवटी साहेबाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि हनुवटीला हात लावून ऐकत बसला. एकतिसाव्याला माझा हात कानाला गेला, तेव्हा त्याने वाकून माझ्या कानात काय आहे ते पाहिलं. मी बावन्नापर्यंत गेलो. आणि जीभच ती, थांबते कुठे? फलश्रुतीही निघून गेली. ‘जो हे नित्य पठण करी, त्यास साहेब हाती धरी.’

मुनशींनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र हसत होता. मग तो मराठीत बोलू लागला, एकेक शब्द मोजून.

“मला तुमची भाषा अशीच शिकवतात. एक शब्द. ‘लागणे’.” त्याने बोटं मोजायला सुरुवात केली. “भूक लागते. आग लागते. ठेच लागते. ऊस गोड लागतो. वाटेत गाव लागते. वेड लागते. अजून पुष्कळ आहेत. मला रात्री झोप लागत नाही.”

मुनशींचा ऊर भरून आला. साहेबाने माझ्याकडे बोट केलं. “अंगाला चिखल लागतो. हा तुम्हाला कोठे लागला?”

इतकं शुद्ध वाक्य ऐकून मुनशी ‘शाबास’ म्हणाले.

मराठीत विचारल्यावर माझी जीभ सुटली. मी सगळं सांगितलं. होडी, ओहोटी, फुटलेला बांध, खांड. खांड म्हटल्यावर साहेबाचं हसू गेलं. त्याने मघाचंच पत्र उचललं. “या पत्रात लिहिले आहे, डोंबिवलीखालचा बांध शाबूत आहे. पाणी आत येत नाही.”

“साहेब, मी तासाभरापूर्वी त्यात होतो.”

“रुंद किती?”

“दोन गाड्या शेजारी शेजारी जातील एवढी.”

“आणि खोल?”

मी छातीकडे पाहिलं. वर मळका सदरा, खाली काळा चिखल, आणि मधोमध सरळ रेघ. मुनशींनी पट्टी आणली, माझ्या टाचेपासून त्या रेघेपर्यंत मापलं, आणि आकडा कागदावर लिहून घेतला. सरकारी दप्तरात माझं नाव पहिल्यांदा आलं ते असं, खोली म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेब मला घेऊन बांधावर गेला. तिसऱ्या दिवशी मला नोकरी लागली, खारबांधांवरचा कारकून म्हणून. बाकीच्या तिघांना इंग्रजी येत होतं, पण चिखल येत नव्हता. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा नानांनी उपरण्याने डोळे टिपले आणि देवघराकडे वळून म्हणाले, “अकरा पुरी केली म्हणून.” त्या वेळी मलाही तसंच वाटलं असावं.

त्यानंतर आळीतले लोक आपल्या मुलांना स्तोत्र शिकायला नानांकडे पाठवू लागले. त्यांतला एकही कारकून झाला नाही, पण एकतिसाव्याला कानाला हात लावायची रीत आळीत पक्की बसली. आणि मी पस्तीस वर्षं बांधांवरून चाललो. या पस्तीस वर्षांत सरकारचे हजारो कागद माझ्या हातून गेले. सेट एकातही आला नाही.

परवा आला. माझ्या निवृत्तीवेतनाचं पत्र होतं. कल्याणच्या कचेरीत मी हजर राहण्यासंबंधी दोन ओळी, आणि त्यांत मधोमध तो शब्द. मी ओळखला. आनंदाने डोळे मिटले आणि पाठ सुरू केला. सुरू झाला नाही. पहिला अर्थ आठवेना. पहिल्यावाचून दुसरा नाही, दुसऱ्यावाचून तिसरा नाही. उरलेले एक्कावन्न पोटात आणि दाराला कुलूप. तासभर झोपाळ्यावर ओठ हलवत बसलो.

मागच्या पडवीतून रवीचा आवाज थांबला. आमचं कुटुंब म्हणालं, “काय अडलं?”

“सेट.”

“वाक्य काय आहे?”

मी कसंबसं वाचलं आणि कळलं तेवढं मराठीत सांगितलं. कधी शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने ताकाचा हात पदराला पुसत सांगितलं, “तारखेच्या पुढे आलाय ना? मग एकोणिसावा. दिवस नेमणे. त्या दिवशी तुम्हाला बोलावलंय.”

“तू एकदम एकोणिसाव्यावर कशी गेलीस?”

“जावं लागतं. ताक काय तुमच्या पहिल्यापासून थोडंच निघतं? जिथून ऐकू येई तिथून मी धरत असे.” मग तिने पत्रातला आकडा पाहिला. “तो दिवस उद्याच आहे. आणि हे बघा, होडीने जाऊ नका.”

मी निमूटपणे सकाळच्या रेल्वेत बसलो. वेळेआधी पोचायचं, कल्याणला नीट उतरायचं, एवढंच काम होतं. पण गाडी सुटली आणि मनाला चैन पडेना. बायकोला बावन्नच्या बावन्न येतात आणि आपल्याला पहिलाही येऊ नये? डोळे मिटून बसलो. कोणी काही विचारलं तरी उत्तर दिलं नाही, पाठ तुटला असता. आणि शेवटी आठवला हो. ‘ठेवणे’. डोळे उघडले, तेव्हा गाडी अंबरनाथला उभी होती.